मुठीतला आवाज

“पुसलेलं परत येत नाही ताई, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तरच थोडंफार हाती लागतं.”

ताईचा धाकटा भाऊ हे सहा वर्षांपूर्वी म्हणाला होता, तिच्याच इमारतीच्या जिन्यात बसून. वर तिच्या घराचं दार बंद होतं. दाराआड तिचा नवरा खुर्चीत बसून होता. त्याला घरीदारी सगळे मास्तर म्हणत. त्या दुपारी धाकट्याने मास्तरांच्या आईचा आवाज पुसला होता.

आई जाऊन बराच काळ लोटला होता, पण तिच्या बोलण्याच्या चौदा कॅसेटी मास्तरांनी जपल्या होत्या. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा उन्हाळ्याची अख्खी सुट्टी खर्चून त्यांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. पुढे कॉम्प्युटर रखडायला लागला. धाकटा म्हणाला, “नवी सिस्टिम टाकून देतो, घोड्यासारखा पळेल.” त्याने शिस्तीत आधी नक्कल काढली, दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही डिस्का एकाच आकाराच्या. यादीत त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे होते: शून्य आणि एक. बोलता बोलता त्याने शून्याऐवजी एक निवडली. नक्कल गेली. मशीन पुन्हा सुरू केलं तर जुनीच सिस्टिम समोर आली. तो म्हणाला, “अरेच्चा, झालंच नाही वाटतं,” आणि या खेपेला बरोबर शून्य निवडली. मूळही गेलं.

मास्तर ओरडले नाहीत. गणिताचा माणूस, काय झालं ते त्यांना धाकट्याच्या आधी कळलं. ते एवढंच म्हणाले, “तू आता या घरातल्या कशालाही हात लावायचा नाहीस.”

धाकट्याने ते फारच मनावर घेतलं. दाराच्या कडीलाही हात लावायला तो परत आला नाही.

खरं तर असं गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसला की तो रेडिओपेक्षा जास्त बोलायचा. रेडिओ कधी जुळला नाही, बोलणं कधी तुटलं नाही. कॉलेज दोन वर्षांत सोडलं, झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिला, आणि मग एका जिन्याखालची शटर असलेली जागा घेऊन त्यावर पाटी लावली: ‘दुरुस्ती’. कसली, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, “तुम्ही आणाल त्याची.” बायको नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत्या. दोघांची गाठ आठवड्यातून चारदा पडायची आणि त्यात तीनदा तोच बोलायचा.

त्या दुपारनंतरही तो बोलायचा, पण एका ठिकाणी थांबायचा. कोणाचंही मशीन पुसायचं असलं की मालकाला समोरच्या स्टुलावर बसवायचं, पडद्यावर दिसणारी प्रत्येक डिस्क, तिचा आकार, तिच्यावर काय आहे ते मोठ्यांदा वाचायचं, आणि कोणती पुसायची त्याला मालकाने स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. फोनवरचं ‘हो’ चालायचं नाही. “फोनवर माणूस कशालाही हो म्हणतो,” तो म्हणायचा. गिऱ्हाइकं चिडायची. “अरे, कोर्टात साक्ष घेतोयस का?” एकाने विचारलं होतं. एका बाईचं मशीन, ती गावाला गेली म्हणून, नऊ दिवस तसंच पडून होतं. नवरा रोज येऊन शिव्या घालून जायचा. धाकटा त्याला पाणी द्यायचा आणि सांगायचा, “मशीन वहिनींचं आहे. वहिनींना येऊ द्या.”

हे सगळं ताईला ठाऊक होतं, कारण ग्रंथालयातून सुटल्यावर ती अधूनमधून त्याच्या दुकानात डोकवायची. घरी सांगायची नाही. मास्तर विचारायचे नाहीत. पण ती उशिरा आली की ते म्हणायचे, “गर्दी होती वाटतं?” आणि ती म्हणायची, “हो ना.” संसारात असे काही प्रश्न असतात, ज्यांची उत्तरं दोघांनी मिळून टाळायची असतात.

मग मास्तरांच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं: जीव राहील, आवाज राहणार नाही. हॉस्पिटलमध्ये बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मास्तरांच्या जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. ऑपरेशनच्या आधी स्वतःच्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची. नंतर यादीतून वाक्य निवडायचं आणि बटण दाबायचं की मशीन तुमच्याच आवाजात ते म्हणणार. मास्तरांच्या हाताशी एकोणीस दिवस होते. त्यांनी वही घेतली, रकाने आखले, डॉक्टरांसाठी, घरासाठी, बाजारासाठी, शिकवणीसाठी, आणि रोज दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून ते बोलत बसायचे. ताईने स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. तेराशे बारा वाक्यं. त्यात एक होतं, “नाही, मी रागावलेलो नाही.” आतून ताईला राहवलं नाही. “हे तुम्ही आजवर कधी म्हणालात?” ती म्हणाली. मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पुढे लागेल.”

ऑपरेशनच्या दिवशी धाकटा हॉस्पिटलच्या आवारात सायकल स्टँडपाशी सहा तास उभा होता. वर आला नाही. ताई खाली गेली तेव्हा त्याने नुसतं विचारलं, “झालं?”

“झालं.”

“म्हणजे गेला?”

“आवाज गेला. ते आहेत.”

पुढे दीड वर्ष घर त्या लॅपटॉपवर बोललं. ताईला सवय झाली. आधी बोटाचा टक् असा आवाज, मग नवऱ्याचा. मास्तर यादी पाठ असल्यासारखे वाक्यं शोधायचे. भांडणात मात्र वाक्य सापडेपर्यंत भांडण विझलेलं असायचं.

आणि एका सकाळी लॅपटॉप उठलाच नाही. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुकणारी. पहिला दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन घ्या. पण तो प्रोग्रॅम काढणारी मंडळी धंदा आटोपून बसली होती आणि नव्या सिस्टिमवर तो चालत नव्हता. दुसरा म्हणाला, “फॉरमॅट मारावं लागेल.” तो शब्द ऐकताच मास्तर उठले, लॅपटॉप काखेत मारला आणि चालू पडले. नक्कल काढलेली नव्हती. या घरात नक्कल हा शब्दच सहा वर्षांत कोणी काढला नव्हता.

चार दिवस मास्तर छोट्या पांढऱ्या पाटीवर पेनने लिहून बोलत होते: मीठ. दार. कोण आहे. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी लिहिलं, ‘त्याला बोलव.’

“कोणाला?” ताईने विचारलं. तिला कळलं होतं.

मास्तरांनी ‘त्याला’च्या खाली रेघ ओढली.

धाकटा रविवारी सकाळी दहाला आला. दारात उभा राहिला, खांद्यावर पिशवी. केस पिकले होते. मास्तर खिडकीजवळच्या टेबलापाशी बसले होते, गळ्याला रुमाल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघांनीही लॅपटॉपकडे पाहिलं.

“ये ना आत,” ताई म्हणाली. “पाहुण्यासारखा काय उभा राहिलास?”

“पायाला धूळ आहे.”

“फरशी आहे ती. पुसता येते.” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

धाकट्याने टेबलावर आधी जुना पेपर अंथरला. त्यावर आपला लॅपटॉप ठेवला, शेजारी मास्तरांचा, आणि पिशवीतून पेनड्राइव्ह काढून ओळीने मांडले. प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने आकडा. ऑपरेशनच्या आधी हत्यारं मांडतात तसं ते ताईला दिसलं आणि तिने नजर वळवली.

“ताई, भावोजींना विचार, हा बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी नीट बंद केला होता का?”

“ते समोर बसलेत. तूच विचार की.”

“तू विचार.”

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, ‘वीज गेली. बॅटरी मेलेली.’ पाटी त्यांनी ताईकडे नाही, धाकट्याकडे फिरवली. धाकट्याने ती वाचली आणि ताईला सांगितलं, “हं. म्हणजे मधेच बंद पडला.”

आधी त्याने एक नंबरचा पेनड्राइव्ह लावला. त्यावर त्याची स्वतःची सिस्टिम होती, डिस्कला न शिवता नुसती पेनड्राइव्हवरूनच चालणारी. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली आणि एक निळं पान उघडलं. “मी आता फक्त बघतोय,” तो म्हणाला. “काहीही लिहीत नाहीये. नुसतं बघतोय.” हे त्याने तीनदा सांगितलं. मग एक खोका उघडला आणि त्यात ती यादी दिसली. तेराशे बारा.

मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले.

“आहेत,” धाकटा म्हणाला. “पण असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. या फायली तो प्रोग्रॅमच उघडू शकतो. आणि प्रोग्रॅमला त्याची ती जुनी सिस्टिम लागणार.”

त्याने सगळं दोन आणि तीन नंबरच्या पेनड्राइव्हवर उतरवलं. दोन्हीकडच्या फायली मोजल्या. मग त्याने ते दोन्ही ओढून काढले. टेबलावर ठेवले नाहीत. एक ताईच्या हातात दिला.

“मूठ मिट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस. कोणी दार वाजवलं तरी उघडू नकोस.”

“दार की मूठ?”

“दोन्ही.”

दुसरा त्याने मास्तरांपुढे टेबलाच्या कडेला सरकवला. मास्तरांनी तो उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला.

आता खरं काम. त्या लॅपटॉपची जुनी सिस्टिम पेनड्राइव्हवर चढवायची होती, अशी की बंद मशीन त्या पेनड्राइव्हवरून उठेल आणि स्वतःला पुन्हा मांडून घेईल. ती धाकट्याने कुठून कुठून शोधून, तपासून फाइलच्या रूपात आणली होती.

“मग टाक ना ती फाइल पेनड्राइव्हवर,” ताई म्हणाली. “मी ग्रंथालयात रोज टाकते.”

“नुसती टाकून नाही उठत. चावी पेटीत ठेवली म्हणून पेटी उघडते का? पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, जशीच्या तशी, जागच्या जागी उतरवावी लागते. आणि त्यात गंमत बघ, माझं मशीन दुसऱ्या घराण्याचं. त्याला या सिस्टिमचं ओ की ठो कळत नाही. परक्या लिपीतलं पत्र कोणी नकलून द्यावं ना, तसं आहे. वेलांटी चुकली तर त्याला कळणार नाही, पण ज्याचं पत्र आहे त्याला कळेल.”

त्याने आपल्या मशीनवर चार नंबरचा पेनड्राइव्ह लावला. यादी वाचली. मोठ्यांदा. स्वतःच्या डिस्कचा आकार, पेनड्राइव्हचा आकार. “चार नंबर, सोळा जीबी, नवा, कोरा,” असं म्हणून थोडा थांबला, कारण ‘हो’ म्हणणारा मालक इथे तोच होता. मग हळूच स्वतःशी “हो” म्हणाला.

पंचवीस मिनिटं लागली. ताईने एका हाताने चहा केला. दुसरी मूठ मिटलेली. साखरेचा डबा दाताने उघडावा की काय अशा विचारात ती असताना मास्तर येऊन उघडून गेले.

पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपला लावला. बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी रेघ, लुकलुक. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

धाकट्याच्या कपाळावर घाम आला. मास्तर त्याच्या हाताकडे बघत होते, शाळेत फळ्यापाशी अडलेल्या पोराच्या खडूकडे बघावं तसे. ताईला वाटलं, आता हे पाटीवर काहीतरी लिहिणार, आणि मग सगळंच संपणार. पण मास्तरांनी पाटी उलटी करून ठेवली.

“सवय,” धाकटा अखेर म्हणाला. “रोज नव्या मशीनची कामं. हात आपोआप नव्या पद्धतीची मांडणी निवडतो. याच्या जन्माच्या वेळी ती पद्धतच नव्हती. हा बिचारा पेनड्राइव्हचं तोंड ओळखत नाहीये.”

त्याने पुन्हा केलं. जुनी मांडणी निवडली. पुन्हा यादी मोठ्यांदा, पुन्हा पंचवीस मिनिटं. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. एका बाईने कोणाला तरी दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

या खेपेला लॅपटॉप उठला.

पडद्यावर सिस्टिमने विचारलं, कुठे टाकू? खाली यादी. धाकट्याने खुर्ची मागे घेतली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मास्तरांकडे न बघता, पण मास्तरांनाच ऐकू जाईल असं, वाचायला लागला.

“डिस्क शून्य. भाग पहिला, शंभर जीबी. यावर जुनी सिस्टिम होती, ती मोडलीये. भाग दुसरा, दोनशे वीस जीबी. यावर तुमच्या फायली, तुमचा आवाज. डिस्क एक, सोळा जीबी, हा माझा पेनड्राइव्ह. पुसायचा तो फक्त पहिला भाग. दुसऱ्याला हात लावायचा नाही.” त्याचा आवाज चिरकला. “आवाजाच्या दोन नकला काढल्यात. एक ताईच्या मुठीत, एक तुमच्या खिशात. मशीनला जोडलेलं दुसरं काहीही नाही. मालकाने हो म्हटल्याशिवाय मी पुसत नाही.”

मालकाला ‘हो’ म्हणता येत नव्हतं.

हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. धाकटा ओशाळला. “म्हणजे मान हलवली तरी...” तो पुटपुटला. मास्तर उठले. टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे आले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून त्यांनी यादी वाचली. ओळीवर बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा एकदा, खालपासून वर. उत्तर ताडून बघायची त्यांची ती जुनी रीत. वाकताना त्यांचा डावा हात धाकट्याच्या खांद्यावर टेकला होता. टेकल्याचं त्यांच्या लक्षात होतं की नाही, ताईला सांगता आलं नसतं. धाकट्याने मात्र तो खांदा हलू दिला नाही.

मास्तरांनी पहिला भाग निवडला आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.

पुढे टक्के चढत गेले. अकरा. चौतीस. बासष्टला बराच वेळ अडलं. ताईच्या मुठीतला पेनड्राइव्ह घामाने ओला झाला होता. एका माणसाचं दीड वर्षांचं बोलणं आणि त्याआधीची साठ वर्षं; वजन म्हणाल तर एका बटणाएवढंही नाही. माणसाचं जे उरतं ते एवढंसं असतं आणि ते कोणाच्या तरी मुठीत असतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला ते आवडलं नाही.

दोन वाजता सिस्टिम बसली. बाईंनी दिलेल्या प्रोग्रॅमची मूळ फाइल दुसऱ्या भागावर होतीच, तोही बसला. दुसऱ्या भागावरची यादी जशीच्या तशी होती. नकलांची गरजच पडली नाही. धाकट्याने एका वाक्यावर टिचकी मारली. काहीच ऐकू आलं नाही.

पुन्हा मारली. शांतता.

“घाबरू नका,” तो म्हणाला, आणि त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. “नव्या सिस्टिमला अजून स्पीकर ओळखता येत नाहीये. तेवढं एक टाकायचं राहिलं.” त्याने आपल्या मशीनवर ते शोधलं, चार नंबरवर घालून आणलं, टाकलं. मग लॅपटॉप उचलून मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि पहिल्यांदाच थेट त्यांना म्हणाला, “बघा भावोजी.”

मास्तरांनी एक बटण दाबलं.

“पाणी दे,” मास्तरांचा आवाज म्हणाला.

ताई हसली, रडली आणि खरंच पाणी आणायला निघाली. “अगं, चाचणी होती ती,” धाकटा म्हणाला, तरी ती पाणी घेऊनच आली. “मूठ उघड आता,” तो म्हणाला. “पण तो तुझ्याकडेच ठेव. कपाटात. दुसरा भावोजींकडे.” तो वायर गुंडाळायला लागला. पेपराची घडी घातली.

मास्तर यादीत काहीतरी शोधत होते. घरासाठीच्या रकान्यात गेले, बाहेर आले. बाजारासाठीच्या रकान्यात तर काय सापडणार. ताई त्यांच्या मागे ग्लास घेऊन उभी होती, तिला पडदा दिसत होता. ती समजली. तेराशे बारा वाक्यं बोलून ठेवताना या माणसाला मेव्हण्याला म्हणायचं एकही वाक्य सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल आणि बोललं नसेल. पाटी हाताशीच होती, पण मास्तरांनी ती घेतली नाही. लिहून म्हणायचं नव्हतं त्यांना.

ते शिकवणीच्या रकान्यात गेले. हळूहळू खाली उतरत राहिले. गणित चुकलं की काही पोरं वही मिटून रडायला लागायची. त्यांच्यासाठी एक वाक्य होतं. त्या एकोणीस दिवसांत मास्तरांनी ते पाच-सहा वेळा बोलून बघितलं होतं, कारण आवाज दर वेळी कडक यायचा. शेवटचं जमलं होतं.

टक् असा आवाज झाला.

“असू दे. चुकलं तर चुकलं. उद्या परत ये.”

आवाज मऊ होता, ऑपरेशनच्या आधीचा, थोडा घोगरा. खोलीत तो जरा जास्तच मोठा वाटला. मास्तर पडद्याकडेच बघत होते. त्यांचं बोट अजून बटणावर होतं.

धाकट्याच्या हातातली वायर अर्धी गुंडाळायची राहिली होती. ती त्याने तशीच पिशवीत कोंबली. ताईने ग्लास पुढे केला. त्याने घेतला, उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायला आणि रिकामा ग्लास तिच्या हातात दिला. मग पिशवी खांद्याला लावली, दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या, बाहेर जाऊन दार कडीला धरून हलकेच ओढून घेतलं, आणि जिना उतरून गेला.